दाखल्याची पत

साथीचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा हल्ली दोन वाक्यांत आटोपते. एक बाजू म्हणते, दारं बंद केली की धंदा बसतो आणि साथीपेक्षा उपासमारच जास्त माणसं खाते. दुसरी म्हणते, धंदेवाल्यांना माणसाच्या जिवाची पर्वा कधी होती? कोविड ओसरून इतका काळ गेला तरी ही जुगलबंदी चालूच आहे. गंमत अशी की दोन्ही बाजूंना दाखला म्हणून अमेरिकाच लागते. पहिली बाजू सांगते की नुकत्याच स्वतंत्र झालेल्या अमेरिकेच्या जहाजांना बंदरोबंदरी लागलेल्या क्वारंटाइननं जेरीस आणलं. दुसरी सांगते की फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनी जहाजं वेळीच अडवू दिली नाहीत, म्हणून १७९३ साली शहराचा एक दशांश भाग मातीत गेला. दोन्ही गोष्टींत थोडं थोडं खरं आहे, म्हणून तर त्या इतक्या सहज खपतात.

मला दोन्ही पटत नाहीत. क्वारंटाइन ही बाहेरून कोणी व्यापाराच्या गळ्यात बांधलेली धोंड नव्हती. हुंडी, विमा किंवा गोदीतल्या वजनकाट्याइतकंच ते व्यापाराचं स्वतःचं अवजार होतं, आणि शहाण्या व्यापाऱ्यांना ते कळत होतं. व्यापाऱ्याच्या जिवाला घोर लागायचा तो किती थांबावं लागेल हे कळत नसे म्हणून. नियम कडक आहे की सैल, यापेक्षा तो आज आहे तसाच पुढच्या फेरीला असेल का, हा प्रश्न मोठा होता. आणि थांबण्याचा खरा भार ज्यांनी वाहिला, त्यांचं नाव या भांडणात कोणत्याच बाजूच्या तोंडी येत नाही.

आधी हा कारभार चालायचा कसा ते पाहू. १३७७ मध्ये रागुसानं, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकनं, साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवण्याचा नियम केला. पुढं व्हेनिसनं १४२३ मध्ये एका बेटावर त्यासाठी इस्पितळच उभारलं. तीसाचे चाळीस झाले, आणि चाळिसासाठीच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ आलं. अठराव्या शतकापर्यंत या व्यवस्थेचा कणा एक कागद होऊन बसला होता: आरोग्याचा दाखला. जहाज बंदर सोडताना तिथला आरोग्य अधिकारी किंवा परदेशी वाणिज्यदूत लिहून देई, की आमच्या गावात साथ नाही, किंवा साथीचा संशय आहे, किंवा साथ आहे. पुढच्या बंदराबाहेर नांगर टाकला की आधी हा कागद मागितला जाई. तोही सरळ हातात घेत नसत. चिमट्यानं उचलून, धुरी देऊन मग वाचत. त्यावर ठरायचं की जहाज आज धक्क्याला लागेल, आठवड्यानं, की महिन्यानं. आता ज्याच्या घरात कधीकाळी हुंडीचा व्यवहार झाला आहे, त्याला सांगायला नको की कागदाची किंमत कागदावर काय लिहिलंय यावर ठरत नाही, खाली सही कोणाची आहे यावर ठरते. ‘साथ नाही’ असं लिहून देणारं बंदर आजवर खोटं बोललेलं आहे का? त्या बंदराला स्वतःलाच कळतं का, आपल्या गल्लीत काय चाललंय? सगळा खेळ पत असण्या-नसण्याचा.

या कसोटीवर १७९० च्या दशकातली अमेरिका फार कच्ची उतरत होती. १७९३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सँ-दोमिंगमधून, म्हणजे आजच्या हैतीतून, जळत्या काप-फ्रांसेहून पळालेल्या निर्वासितांनी भरलेली जहाजं फिलाडेल्फियाला लागली. धक्क्याजवळच्या गल्ल्यांत ताप सुरू झाला. माणसं पिवळी पडत, काळं ओकत, आठवड्याभरात जात. नोव्हेंबरात थंडी पडेपर्यंत सुमारे पाच हजार माणसं दगावली होती. शहर आणि उपनगरं मिळून वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. तेव्हा फिलाडेल्फिया देशाची राजधानी होती; राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन फिलाडेल्फिया सोडून गेले, अर्थमंत्री हॅमिल्टन तापानं पडून उठले. न्यूयॉर्क आणि बाल्टिमोर यांनी फिलाडेल्फियाहून येणाऱ्या माणसांसाठी आपापल्या वेशी बंद केल्या. एका देशाची शहरं एकमेकांना परक्या मुलखासारखी अडवू लागली, ते पाहून इंग्लंडातल्या लिव्हर्पूल आणि इटलीतल्या लिव्होर्नोच्या बंदर-अधिकाऱ्यांनी काय अर्थ काढावा?

डॉक्टरांत दोन तट पडले. बेंजामिन रश यांचं म्हणणं, धक्क्यावर सडत पडलेल्या कॉफीच्या पोत्यांतून विषारी वाफ उठली, रोग इथलाच. शहराच्या वैद्यक महाविद्यालयातले बरेच जण म्हणत, रोग जहाजांतून आला. पुढं यात राजकारणही शिरलं. फ्रेंच क्रांतीकडे संशयानं पाहणाऱ्यांना निर्वासितांवर बोट ठेवणं सोयीचं होतं, फ्रान्सधार्जिण्यांना शहराच्या घाणीवर. शब्दकोशकार म्हणून ठाऊक असलेल्या नोआ वेब्स्टर यांनी तर १७९९ मध्ये साथींच्या इतिहासावर दोन खंड लिहून काढले आणि कौल हवेच्या बाजूनं दिला. (कोशकाराला कुठल्याही विषयात शब्द कमी पडत नाहीत, हे तेव्हाही खरं होतं.) या भांडणात व्यापारी कोणत्या बाजूला होते? ‘अर्थात, रोग स्थानिक म्हणणाऱ्यांच्या, म्हणजे जहाजं अडायला नकोत,’ हे उत्तर सगळेच देतात. पण जरा व्यापाऱ्याच्या गादीवर बसून पाहा. रोग बाहेरून आला म्हटलं तर जहाजं अडतात. रोग इथल्या घाणीतून उपजला म्हटलं तर तुमच्या शहराचं नाव जातं, तुमचं पीठ आणि तुमचं खारवलेलं मांस परदेशी बंदरात संशयित ठरतं. दोन्हीकडे तोटाच. त्यामुळे व्यापारी एका तटात कधीच नव्हते. त्यांतला एक, स्टीफन गिरार्ड, सँ-दोमिंगशी व्यापार करणारा फ्रेंच वंशाचा जहाजमालक. साथ ऐन भरात असताना हा माणूस बुश हिलच्या तापाच्या इस्पितळाचा कारभार अंगावर घेऊन बसला आणि तापानं फणफणलेल्यांना स्वतःच्या हातांनी गाडीतून उतरवत राहिला. ‘नफा की जीव’ या चौकटीत गिरार्डला कुठल्या खान्यात बसवायचं?

आता विरुद्ध बाजूचं जे खरं आहे ते मोकळेपणानं मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. अमेरिकेच्या त्या काळच्या व्यापाराचं एक मोठं चाक कॅरिबियन बेटांवर फिरत होतं. जाताना पीठ, मासे, लाकूड, घोडे. येताना साखर, मळी, रम, कॉफी, कातडी. पिवळा ताप नेमका त्याच बेटांवर मुक्कामाला, आणि नेमका उन्हाळ्याच्या तोंडापासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे क्वारंटाइनचा मोसम आणि धंद्याचा मोसम एकमेकांवर चढलेले. जहाज नदीच्या मुखाशी तीन आठवडे उभं राहिलं की खलाशांचं जेवण चालू, विम्याचा हप्ता चालू, कर्जाचं व्याज चालू, आणि लाकडी तळाला लागलेल्या किड्याचं कामही चालू. फळं-लिंबं तर समुद्रातच टाकावी लागत. त्यातून बाजाराचा नियम असा की पहिल्या जहाजाला भाव मिळतो, तिसऱ्याला उरलंसुरलं. शिवाय क्वारंटाइन शस्त्र म्हणूनही वापरता येई. शेजारच्या बंदरात ताप असल्याची नुसती आवई उठली तरी आपल्या बंदराचं फावतं, हे न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर या तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. माल ‘लागट’, म्हणजे रोग वाहून नेणारा, आणि ‘बिनलागट’ असा विभागला जाई. लोकर, कापूस, कातडी, चिंध्या लागट. मीठ, लोखंड, रम बिनलागट. या यादीमागे शास्त्र किती आणि कोणाच्या ओळखी किती, हा प्रश्न त्या काळच्या माणसांनाही पडत होताच.

भूमध्य समुद्रात तर अमेरिकन जहाजाला आणखी एक दंड बसत होता. अमेरिका एक देश म्हणून नव्यानं उभी होती, पण आरोग्याचे कायदे राज्याराज्यांचे. युरोपातल्या बंदराला उत्तरेकडचं सेलम आणि दक्षिणेकडचं चार्ल्सटन यांतला फरक समजून घेण्याची निकड नव्हती. ताप न्यूयॉर्कात, खोळंबा बॉस्टनच्या जहाजाचा.

यातलं एक प्रकरण जवळून पाहण्यासारखं आहे. डॉ. रिचर्ड बेली हे न्यूयॉर्क बंदराचे आरोग्य अधिकारी. स्टेटन बेटावर क्वारंटाइनचं ठाणं उभं राहिलं त्यामागे हेच. मौज अशी की पिवळा ताप बाहेरून येतो यावर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता. तो शहरातल्या घाणीतून उपजतो असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. तरीही ते जहाजं अडवत होते, कारण बंदराला त्याची गरज होती. १८०१ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडहून आलेल्या आजारी प्रवाशांची शुश्रूषा करताना त्यांनाच ताप जडला आणि ते गेले. दोन वर्षांनी, १८०३ च्या ऑक्टोबरात, त्यांची मुलगी एलिझाबेथ आपला क्षयानं खंगलेला नवरा विल्यम सेटन आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन ‘शेपर्डेस’ नावाच्या जहाजानं इटलीला निघाली. विल्यम न्यूयॉर्कचा व्यापारी, पेढी नुकतीच बुडालेली. डॉक्टरांनी हवापालट सांगितलेला. त्या शरदात न्यूयॉर्कात पिवळा ताप होता. लिव्होर्नोला पोचल्यावर एलिझाबेथचा सावत्र भाऊ, जो तिथल्या फिलिक्की यांच्या पेढीत कामाला होता, होडीतून सामोरा आला. ती त्याला मिठी मारायला पुढं झाली तर पहारेकरी ओरडला: शिवायचं नाही. मग महिनाभर लाझारेत्तो, म्हणजे क्वारंटाइनचं ठाणं. विटांची जमीन, उंच कमानीचं छत, उघड्या भिंती, खिडकीला लोखंडी गजांचा दुहेरी थर, बाहेर बंदूकधारी शिपाई. नोव्हेंबर-डिसेंबरची समुद्रकाठची थंडी. माय-लेकी अंगात ऊब यावी म्हणून दोरीवरच्या उड्या मारत आणि कोपऱ्यात विल्यम खोकत असे. सुटका झाली त्यानंतर आठवड्याभरात, २७ डिसेंबरला तो वारला. एलिझाबेथ पुढं कॅथलिक झाली, शाळा काढल्या, जोगिणींचा संघ काढला, आणि १९७५ मध्ये चर्चनं तिला संत म्हणून जाहीर केलं. अमेरिकेत जन्मलेल्यांत पहिलीच.

ही कहाणी ऐकून कोणीही म्हणेल, बघा, क्वारंटाइन किती आंधळं! क्षय झालेल्या माणसाला पिवळ्या तापाच्या नावाखाली कोंडलं. खरंच आहे. पण लिव्होर्नोच्या अधिकाऱ्याच्या हातात काय होतं? त्याला विल्यमची छाती तपासायची नव्हती, न्यूयॉर्कचा कागद तपासायचा होता, आणि त्या कागदाची पत शून्य होती. बेली आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत जे उभं करत होते ते नेमकं हेच: न्यूयॉर्कची सही जगात चालावी अशी व्यवस्था. ती पत अजून जमली नव्हती, आणि तिची उणीव त्यांच्याच लेकीला भरून द्यावी लागली. म्हणून मला हे प्रकरण जास्त क्वारंटाइनचं वाटत नाही. पुरेशा विश्वासार्ह क्वारंटाइनच्या अभावाचं वाटतं.

‘जेरीस आणलं’ म्हणणाऱ्यांनी आता जरा आकडे पाहावेत. १७९० मध्ये अमेरिकेची निर्यात साधारण दोन कोटी डॉलर होती. १८०७ मध्ये ती दहा कोटी ऐंशी लाखांच्या घरात गेली. मधली सतरा वर्षं कोणती? हीच: फिलाडेल्फियात चार मोठ्या साथी, बॉस्टनपासून चार्ल्सटनपर्यंत नवनवे क्वारंटाइन कायदे, युरोपात अमेरिकन जहाजांवर संशय. क्वारंटाइनचा सगळ्यांत कडक काळ आणि व्यापाराच्या भरभराटीचा काळ एकच. नंतर एका वर्षात, १८०८ मध्ये, निर्यात सव्वादोन कोटींवर कोसळली. कुठली साथ आली होती? कुठलीच नाही. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी इंग्लंड-फ्रान्सला धडा शिकवायला परदेशी व्यापारच कायद्यानं बंद केला होता. यावर हुशार वाचक म्हणेल, वाढ झाली ती युरोपात युद्ध पेटलं होतं आणि तटस्थ अमेरिकेच्या गलबतांना सगळ्यांचा माल वाहायला मिळत होता म्हणून. क्वारंटाइन नसतं तर आणखी वाढली असती. असेल. पण मग एवढं तरी कबूल करायला हवं की व्यापाराची मान ज्या दोऱ्यांनी आवळली जात होती, त्यांत ही दोरी सगळ्यांत सैल होती. खलाशांना उचलून नेणारं ब्रिटिश आरमार, माल लुटणारी फ्रेंच खासगी जहाजं, अल्जिअर्स-त्रिपोलीचे चाचे यांच्यामुळे विम्याचे दर कुठच्या कुठं गेले होते. त्यांच्यापुढं तीन आठवड्यांचा खोळंबा हा वहीत आधीच मांडून ठेवता येण्याजोगा खर्च होता.

मांडून ठेवता येण्याजोगा! सगळं गणित या शब्दांत आहे. १७९६ मध्ये काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेसमोर, क्वारंटाइनचा प्रश्न आला तेव्हा हा अधिकार राष्ट्राध्यक्षांना द्यावा, म्हणजे सगळ्या बंदरांना एक नियम होईल, असा आग्रह धरणारा सभासद कोण होता? सॅम्युएल स्मिथ, बाल्टिमोरचा जहाजमालक व्यापारी. धंदेवाल्यांना नियमच नको होते या समजुतीचं यापुढं काय करायचं? विरोध झाला तो राज्यांच्या हक्काच्या नावानं. आपल्या लोकांचा जीव कसा वाचवायचा हे राज्य ठरवेल, केंद्र नाही. शेवटी कायदा झाला तो पातळ: राज्यांचे क्वारंटाइन नियम अमलात आणायला केंद्राच्या जकात अधिकाऱ्यांनी आणि किल्ल्यांवरच्या फौजेनं मदत करावी, एवढंच. पण या मदतीतही पेच होता. तेव्हा केंद्राचं जवळपास नव्वद टक्के उत्पन्न बंदरावरच्या जकातीतून येई, आणि जकात कायदा सांगे की जहाज आलं की ठरल्या मुदतीत नोंद करा, ठरल्याच धक्क्यावर माल उतरवा. राज्याचा आरोग्य अधिकारी म्हणे, पुढं यायचं नाही. कप्तानानं कोणाचं ऐकायचं? एकाचं ऐकलं तर दुसऱ्याचा दंड. १७९९ च्या कायद्यानं ही गाठ सोडवली: क्वारंटाइनमध्ये असलेल्या जहाजाला मुदत वाढवून मिळेल, माल दुसरीकडे उतरवून सरकारी देखरेखीखाली गोदामात ठेवता येईल. फार कोणाला ठाऊक नसलेला, कंटाळवाणा कायदा. पण व्यापाराच्या दृष्टीनं दहा भाषणांपेक्षा मोलाचा, कारण त्यानं खोळंब्याला आकार दिला.

फिलाडेल्फियानंही त्याच वर्षी शहाणपणा केला. १७९३ नंतर १७९७, १७९८, १७९९ असा ताप परत परत आल्यावर शहरानं डेलावेअर नदीवर साधारण दहा मैल खाली टिनिकमला नवं लाझारेत्तो बांधायला घेतलं. १८०१ पासून तिथं काम सुरू झालं आणि जवळजवळ शतकभर चाललं. विटांची देखणी, कळस असलेली इमारत. ती आजही उभी आहे. ते काही लपवायचं पत्र्याचं शेड नव्हतं, नदीतून येणाऱ्या प्रत्येक कप्तानाला दिसेल अशा जागी बांधलेली पेढी होती ती. सांगणं हेच की या शहराचा कागद आता खरा समजा. बॉस्टननं १७९९ मध्ये आरोग्य मंडळ नेमलं तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी पॉल रिव्हीयरला बसवलं. स्वातंत्र्ययुद्धातला मध्यरात्रीचा घोडेस्वार म्हणून शाळकरी पोरांनाही ठाऊक असलेला, पण मुळात चांदीकाम आणि तांब्याचा कारखाना चालवणारा धंदेवाईक माणूस.

‘पण त्यांचं शास्त्रच चुकीचं होतं ना?’ हो, होतं. पिवळा ताप डासांतून पसरतो ही कल्पना क्यूबाच्या कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्ये मांडली आणि १९०० मध्ये वॉल्टर रीड यांच्या तुकडीनं सिद्ध केली. तोवर माणसं कापसाच्या गासड्या वाऱ्यावर घालत होती, पत्रांना धुरी देत होती, आणि डासांच्या अळ्या मजेत जहाजावरच्या पाण्याच्या पिंपांत पोहत होत्या. तरी गंमत बघा. माणसाला ताप येतो तो चावल्यानंतर तीन ते सहा दिवसांत. दोन आठवडे अडवलं की आजारी कोण ते आपोआप कळतं. हा डास काही शे मीटरपलीकडे सहसा उडत नाही. दहा मैल लांब ठेवलेल्या जहाजावरचा डास शहरात येणार कसा? थंडी पडली की डास मरतो. क्वारंटाइनचा मोसम जूनपासून शरदापर्यंतच का, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी पाहिलं होतं. आपल्या आज्या बाळंतिणीला सव्वा महिना वेगळ्या खोलीत ठेवत, तेव्हा त्यांना तरी कुठं जंतू ठाऊक होते? कारण चुकीचं आणि कृती अर्धीमुर्धी बरोबर, असं जगात फार वेळा होतं. कृती पूर्ण बरोबर होती असं मात्र मी म्हणणार नाही. पिंपं ओतायला कोणी सांगितलं नाही, आणि त्यात माणसं गेली.

विरुद्ध पक्षाचा सगळ्यात भक्कम साक्षीदार न्यू ऑर्लिन्स आहे. तिथं १८२१ मध्ये क्वारंटाइन कायदा झाला आणि ताप आलाच, म्हणून चार वर्षांत रद्द झाला. पुढची तीस वर्षं जवळपास खुलं बंदर, आणि याच तीस वर्षांत ते देशातलं अव्वल कापूस-बंदर झालं. मग? क्वारंटाइनविना धंदा होतोच की. होतो. फक्त वही नीट वाचायला हवी. दर उन्हाळ्यात शहरातले पैसेवाले गाव सोडून जात, जहाजं यायची टाळत, बाजार ओस पडे. कायद्यानं लावलेलं क्वारंटाइन गेलं, भीतीनं लावलेलं राहिलं. मागं उरत ते नुकतेच उतरलेले आयरिश आणि जर्मन मजूर, ज्यांच्या अंगाला हा ताप नवा होता. १८५३ च्या एका उन्हाळ्यात सुमारे आठ हजार माणसं मेली, त्यांत बहुसंख्य हेच. दोन वर्षांनी राज्यानं आरोग्य मंडळ नेमलं आणि मिसिसिपीच्या वाटेवर पुन्हा ठाणं बसवलं. क्वारंटाइन काढून खर्च कमी झाला नाही. तो जहाजमालकाच्या वहीतून मजुराच्या तिरडीवर गेला.

उलट टोकाचं उदाहरण जुनं आहे, पण त्या काळच्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या डोक्यात ते होतं. १७२० मध्ये लेव्हंटहून, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याहून, रेशीम-कापड घेऊन आलेलं ‘ग्रां-सेंत-आंत्वान’ हे जहाज फ्रान्सच्या मार्सेय बंदराला लागलं. वाटेत माणसं मेली होती. पण मालाची वाट बोकेरच्या जत्रेत पाहिली जात होती, आणि मालात शहराच्या कारभाऱ्यांपैकी एकाचा वाटा होता. नियम वाकले, माल लांबच्या बेटाऐवजी जवळच्या गोदामात उतरला. मार्सेयमध्ये पन्नास हजारांच्या आसपास माणसं प्लेगनं मेली. एका जहाजाचा खोळंबा वाचवायला गेले आणि बंदराचा व्यापार दोन वर्षांहून जास्त काळ ठप्प झाला. ज्यांना ‘नियम म्हणजे धंद्याचा शत्रू’ वाटतं, त्यांनी मार्सेयचा जमाखर्च मांडून दाखवावा.

याचं नातं आपल्याशीही आहे, पण ते आपण वेगळ्या ठिकाणी शोधतो. १८९६ चा प्लेग म्हटला की मराठी माणसाला रँड आठवतो, पुण्यात घरात शिरणारे गोरे सोजीर आठवतात, २२ जून १८९७ ची रात्र आठवते. आठवावीच. पण सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत, गोदीच्या दाराशी, रोग सापडल्यावर ‘हा खरंच प्लेग का’ यावर खल करणारं सरकार पुढच्या फेब्रुवारीत एकदम साथरोग कायदा करून मोकळं का झालं? परदेशी बंदरं मुंबईच्या जहाजांवर निर्बंध घालू लागली होती, आणि त्याच महिन्यात व्हेनिसला युरोपातली सरकारं याच प्रश्नावर जमली होती. मुंबईच्या दाखल्याची पत बुडत होती. ती सावरायला पुण्यातल्या माजघरांत बूट शिरले. हाच १८९७ चा कायदा महाराष्ट्रानं मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला.

इथं माझ्या स्वतःच्या युक्तिवादातली दुखरी जागा येते, आणि ती झाकून चालणार नाही. क्वारंटाइन म्हणजे बंदराची पत, हे मान्य. पण पत कोणाची, आणि तारण कोण? चार्ल्सटनच्या तोंडाशी सलिव्हन्स बेट आहे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना विकण्याआधी तिथल्या ‘पेस्ट हाउस’मध्ये, म्हणजे साथीसाठी वेगळ्या ठेवलेल्या घरात, दिवस काढायला लावत. नियम काटेकोर होता, कारण आजारी माणसाला भाव येत नाही. त्यानं रक्षण झालं ते गिऱ्हाइकाचं. १७९८ मध्ये काँग्रेसनं आजारी खलाशांच्या इस्पितळांसाठी कायदा केला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात त्याचं नाव फार आदरानं घेतात. पैसे कुठून आले? खलाशाच्या पगारातून, दरमहा वीस सेंट कापून. जहाजमालकाच्या नफ्यातून नाही. स्टेटन बेटावरचं ठाणं वाढत गेलं, न्यूयॉर्कचा कागद जगात चालू लागला, आणि ठाण्याच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या लोकांच्या घरांत ताप येत राहिला. अर्ज-विनंत्या करून थकल्यावर सप्टेंबर १८५८ मध्ये त्यांनी दोन रात्रींत ते सगळं इस्पितळ जाळून टाकलं. त्यांना क्वारंटाइन नको होतं असं नाही. न्यूयॉर्कची पत राखण्याचा हप्ता आपणच का भरायचा, एवढाच त्यांचा सवाल होता. ‘जीव की रोजगार’ असं विचारणाऱ्यांनी आधी सांगावं, जीव कोणाचा आणि रोजगार कोणाचा.

माझा एक मावसभाऊ मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. २०२० मध्ये त्याचा करार एप्रिलला संपला आणि तो घरी आला ऑक्टोबरात. तसे अडकलेले खलाशी त्या वर्षी जगभरात चार लाखांच्या घरात होते. मधल्या सहा महिन्यांत त्याचं जहाज किती बंदरांना लागलं याचा हिशेब त्यानं ठेवला नाही, पण एक दिवस त्याला लख्ख आठवतो. डोलकाठीवर पिवळं निशाण चढवलेलं होतं. पूर्वी पिवळं निशाण म्हणजे जहाजावर रोग. आता त्याचा अर्थ उलटा, ‘आमचं जहाज निरोगी आहे, आत यायची परवानगी द्या’. परवानगी मिळाली. क्रेन आल्या, दीड दिवसात सगळे कंटेनर धक्क्यावर उतरले आणि ट्रकांवर चढून गावात गेले. तो शिडीच्या वरच्या पायरीवर उभा होता. खाली मास्क लावलेला पहारेकरी त्याच्याकडे पाहून हातानंच खुणावत होता: तिथंच थांब.